खाखऱ्याचा आवाज

९ फेब्रुवारी, धुळे

टूथब्रशच्या एजन्सीवाल्याने दिलेली ही डायरी आजवर माझ्या जनरल स्टोअरच्या काउंटरखाली धूळ खात होती. आज तिला काम मिळालं. आमच्या जैन संघाचे अध्यक्ष योगराजजी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, रतनलालजी, अक्षय्य तृतीयेला पारण्याच्या कार्यक्रमात तुमच्या घरातर्फे तुम्हीच बोला. मी एका पायावर तयार झालो. ते गेल्यावर घाम फुटला. मला गिऱ्हाइकाशी बोलता येतं, माइकसमोर नाही.

सूरजचं वर्षीतप चालू आहे. सूरज म्हणजे माझी बायको. एक दिवस उपवास, म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोनदा जेवण, तेही दिवस मावळायच्या आत. गेल्या वर्षी होळीनंतर सुरू केलं, या अक्षय्य तृतीयेला पुरं होईल. मला सकाळचा चहा दहा मिनिटं उशिरा मिळाला तर मी घर डोक्यावर घेतो. अशा माणसाने तिच्यावर काय बोलावं? म्हणून ठरवलं, तिचा एकेक त्याग इथे टिपून ठेवायचा. भाषणाच्या वेळी शोधाशोध नको.

१७ फेब्रुवारी

पहिला त्याग मिळाला. सूरजने खाखरा सोडला.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण मी लग्न झाल्यापासून रोज सकाळी पेपर वाचताना स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकत आलोय. पापडासारखा कडक खाखरा मोडल्याचा, मग चावल्याचा. माझ्या सकाळचं घड्याळच ते. उपवासाच्या दिवशी तो नसतो, त्याची सवय झाली. पण आज जेवणाचा दिवस असूनही आवाज आला नाही. डोकावून पाहिलं तर ती खाखरा दुधात कुस्करून चमच्याने खात होती. चेलना, आमची सून, म्हणाली, मम्मीजींनी कडक खाणंच बंद केलंय, पापडसुद्धा नको म्हणतात.

मी योगराजजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, याला म्हणतात रसावरचा विजय. हे वाक्य भाषणात घालणार.

२ मार्च

साक्रीकडचे झुलाल आबा माल भरायला आले होते. त्यांचं गावात लहानसं दुकान आहे. मागच्या वेळी नेलेले कडक ब्रश अर्धे परत घेऊन आले. एक ब्रश माझ्या तळहातावर घासून दाखवला आणि म्हणाले, "शेठ, हाऊ ब्रश दात घासाले शे का भांडा घासाले? मन्हा गाववालासना बठ्ठासना दातमाईन रंगत निंघस."

मी म्हटलं, आबा, रक्त निघतं म्हणजे घाण निघते. मी स्वतः आयुष्यभर कडक ब्रश वापरतोय, घरात सगळ्यांना तोच देतो, बघा माझे दात. आबांनी खरंच वाकून माझे दात बघितले. मऊ ब्रश मागून घेतले. मऊ ब्रशने दात घासणं म्हणजे मोरपिसाने अंगण झाडणं, हे माझं मत मी त्यांना ऐकवलं. त्यांनी तेही ऐकून घेतलं.

१५ मार्च

काल धुळवड झाली. आज सकाळी बेसिनमध्ये गुलाबी थेंब दिसले. रंग खेळून आलेल्या श्रेयांसने तिथेच तोंड धुतलं असणार. मुलगा दुकान सांभाळायच्या वयाचा झाला तरी बेसिन धुवायची अक्कल नाही. त्याला चार शब्द सुनावले. तो शपथेवर सांगत होता की त्याने बाहेरच्या नळावर तोंड धुतलं. सूरज मध्ये पडली नाही, निमूटपणे फडकं आणून बेसिन पुसून घेतलं.

आणि आता मोठी बातमी. सूरजने मौन धरलंय. तसं जाहीर केलेलं नाही, खरा तपस्वी जाहीर करत नाही. पण माझ्या लक्षात आलं. काही विचारलं तर मान हलवते. अगदीच बोलावं लागलं तर पदर तोंडाला लावून बोलते, तेही तोंड वळवून. हसणं बंद. जळगावहून हिनाचा फोन आला तर तिने कॅमेऱ्यावर हात ठेवला. हिना माझ्यावरच चिडली, म्हणे मम्मीला काय झालंय ते बघा. मी म्हटलं, पोरी, तुझी आई फार वर पोहोचली आहे.

संध्याकाळी जैन स्थानकात, प्रवचनाच्या वेळी, योगराजजींना सांगितलं. त्यांनी माइकवरून सांगितलं. बायका उठून सूरजच्या पायाला हात लावायला लागल्या. ती पदराआड खाली मान घालून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं. मला अभिमानाने भरून आलं.

२२ मार्च

समोरच्या इमारतीत दातांचा दवाखाना आहे, तिथल्या ज्योत्स्ना डॉक्टर दुकानात आल्या. शिरपूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, रतनशेठ, मी पेशंटला लिहून देते ते धुळ्यात चार ठिकाणी फिरून मिळत नाही, तुम्ही ठेवा. लहान डोक्याचे मऊ ब्रश, दातांत फिरवायचा धागा, आणि हे. हे म्हणून त्यांनी पर्समधून तारेचा एक इवलासा ब्रश काढला, आगकाडीपेक्षा बारीक.

मी विचारलं, हा बाहुलीच्या बाटल्या धुवायचा का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दोन दातांच्या मधल्या फटीत मोठा ब्रश पोहोचत नाही, तिथे पिठासारखा चिकट थर बसतो. तो रोज निघाला नाही की हिरडी सुजते, रक्त येतं. मग लोक काय करतात, घाबरून तिथे ब्रश लावायचा सोडतात नाहीतर जास्त जोराने घासतात. दोन्ही उलटंच. जोर लावून हिरडी सोलते, थर तिथेच राहतो.

शेजारी उभ्या असलेल्या चेलनाने मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं. सुनेसमोर हट्ट दाखवायचा नाही म्हणून थोडा माल मागवला. खपणार नाही, हे मी आजच लिहून ठेवतो.

३१ मार्च

खपला नाही. तारेचे ब्रश दोरीला लटकून आहेत. लोक हात लावून बघतात आणि काजळपेन्सिल घेऊन जातात.

सूरजने आज पेरूही सोडला. फोड हातात घेतली, बघितली, चेलनाच्या ताटात ठेवली. पेरू म्हणजे तिचा जीव. डब्यातली लवंग मात्र भराभर संपतेय, तिचं काय करते कळत नाही. भाषणाचा मजकूर छान जमत चाललाय, खाखरा, पापड, पेरू, वाणी.

६ एप्रिल

आज जे झालं ते लिहिताना लाज वाटते. पण लिहितो.

तारेच्या ब्रशचं एक पाकीट कोणीतरी फोडून ठेवलं होतं. फुटलेलं पाकीट विकता येत नाही आणि फेकवत नाही. घरी आणलं. संध्याकाळी जेवण झालं, सूर्य अजून गच्चीच्या कठड्यावर होता. म्हटलं बघू तरी या डॉक्टरबाईंची जादू. आरशासमोर उभा राहून दाढांच्या फटीत घातला. दुपारची डाळ बाहेर आली. ज्या दातांच्या जोरावर मी झुलाल आबांपुढे फुशारकी मारली, त्यांच्यामध्ये दुपारपासून डाळ राहायला होती. दुसऱ्या फटीत फिरवला तर चुरचुरलं. चूळ भरून थुंकलो.

बेसिनमध्ये गुलाबी थेंब.

मी बघतच राहिलो. हा रंग मी याआधी इथेच बघितला होता, आणि पोराला शिव्या दिल्या होत्या. तेव्हा फडकं घेऊन कोण आलं होतं तेही आठवलं. मग एकेक गोष्ट उलटी होऊन समोर यायला लागली. खाखरा दुधात का भिजत होता. पेरूची फोड परत का गेली. लवंग कुठे जात होती. पदर तोंडावर का होता. मी स्टुलावर बसलो. मागची पानं काढून वाचली आणि डायरी फेकून द्यावीशी वाटली.

बाहेर येऊन तिला विचारणार होतो, पण ती सामायिकाला, दोन घटकांच्या ध्यानाला, बसली होती. तिच्या पाठीकडे बघत बसलो. किती वाळली आहे.

७ एप्रिल

आज उपवास. दुकान श्रेयांसवर सोपवून दुपारी घरीच थांबलो. ती पाणी उकळत होती. मी स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "तो गुलाल नव्हता ना?"

तिने गॅस बंद केला. मग पदर न लावता बोलली. इतक्या दिवसांनी तिचं पूर्ण वाक्य ऐकलं.

"झोपेत रक्त येतं. गिळलं जातं, मला कळतही नाही. अहो, माझे सगळे उपवास मोडले असतील तर?"

मला वाटलं होतं दुखतं म्हणेल, दात हलतो म्हणेल. ते सगळं होतंच, पण तिला त्याचं काही नव्हतं. एवढ्या महिन्यांचं तप आतल्या आत वाहून गेलं असेल, या भीतीने ती झुरत होती. आणि अक्षय्य तृतीयेला भरल्या सभेत खोटं पारणं करावं लागेल म्हणून. तेवढ्यासाठी तिने पारणंच न करता गुपचूप हिनाकडे जळगावला निघून जायचं मनात धरलं होतं.

मग हळूहळू सगळं सांगितलं. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे दात घासत नाहीत. म्हणून जेवणाच्या दिवशी ती दोन दिवसांचं एकदम घासायची, माझ्याच दुकानातल्या कडक ब्रशने. दिवाळीपासून रक्त सुरू झालं. आधी जोराने घासून बघितलं, मग घाबरून तिथे ब्रश लावणंच सोडलं. तोंडाला वास यायला लागला तेव्हा पदर आला. डॉक्टरकडे गेलं तर औषध देतील, उपवास सोडायला लावतील, म्हणून गप्प. मी म्हटलं, मला तरी सांगायचंस. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही मौन म्हणून गावभर सांगितलंत. मग बोलायची सोयच कुठे राहिली?"

मी उठलो. पातेलं उतरवून तिचं पाणी गार करायला ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

८ एप्रिल

सकाळी दोघं स्थानकात गेलो. तिथे मुक्कामी असलेल्या साध्वी महासतीजींसमोर सूरजने स्वतः सगळं सांगितलं, मी फक्त हात जोडून बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झोपेत आपल्याच अंगातलं रक्त पोटात गेलं, ते तुम्ही घेतलं नाही. तुमचं तप जागच्या जागी आहे. सोडायची होती ती ही भीती, आणि तीच तुम्ही एवढे दिवस धरून बसलात."

सूरज तिथेच रडली. जोरात, तोंड न झाकता. मलाही आवरलं नाही.

उपवासाच्या दिवशी दात साफ करायचं विचारलं तर म्हणाल्या, आजारपणाला मोकळीक असते, दिवसा उकळलेल्या पाण्याने करा, पेस्ट लावू नका, प्रायश्चित्त मी देईन. माळा जपायला सांगितल्या. उठताना माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, मौनाचे पच्चक्खाण, म्हणजे व्रताची शपथ, कोणी दिली होती? मी छताकडे बघितलं. छताला नवा रंग दिलाय, चांगला आहे.

तिथून सरळ ज्योत्स्ना डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं. हिरड्या सुजलेल्या, दातांच्या मुळाशी जुना थर दगडासारखा झालेला, खालचा पुढचा एक दात थोडा हलतो. सूरजने माझा हात धरला. डॉक्टर म्हणाल्या, "काढायचा नाही. साफ केल्यावर हिरडी पुन्हा धरते का बघू. मला वाटतं धरेल."

दगड झालेला थर घरच्या ब्रशने निघत नाही, तो त्या दोन बैठकांत काढणार, जेवणाच्या दिवशीच. एकदा साखर तपासायलाही सांगितली. रोजचं मात्र आपल्या हातात. रात्री झोपताना ब्रश करा म्हणाल्या, तर सूरज म्हणाली, सूर्य मावळल्यावर आमच्या तोंडात पाणी जात नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता अडलं. डॉक्टर थोडा विचार करून म्हणाल्या, मग सूर्य मावळायच्या आधी करा. शेवटचा घास झाला की लगेच. झोपेपर्यंत पुन्हा काही खात नाही ना तुम्ही, मग तर माझ्या इतर पेशंटपेक्षा बरंच आहे.

मी व्यापारी, मला मोठी वस्तू घेतल्याशिवाय इलाज झाल्यासारखा वाटत नाही. ते पाण्याच्या धारेचं मशीन घेऊ का, बॅटरीचा ब्रश, तोंड धुवायचं निळं औषध, सगळं विचारून झालं. त्या म्हणाल्या, मशीन वाईट नाही, पण यांना त्याची गरज नाही. निळ्या औषधाने तोंडाला वास चांगला येईल, थर तिथेच बसेल. बॅटरीचा ब्रश ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना उपयोगी, यांचे चालतात. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हळू. मागे फटी मोठ्या आहेत तिथे तारेचा ब्रश, त्या फटीत सहज जाईल त्या मापाचा, कोंबायचा नाही. पुढचे दात चिकटलेले आहेत तिथे धागा. एवढंच.

एवढं सगळं माझ्याच दुकानात दोरीला लटकत होतं.

१० एप्रिल

महावीर जयंती. मिरवणुकीत सूरज चालली. ब्रश केल्यावर आजही रक्त आलं म्हणून सकाळी घाबरली होती. चेलनाने डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, थोडे दिवस येईल, म्हणून थांबायचं नाही, हात हलका ठेवायचा. चेलना आता तिच्याबरोबर आरशासमोर उभी राहते. दोघी धाग्याशी झटापट करतात आणि हसतात. मला आत येऊ देत नाहीत.

१६ एप्रिल

पहिली सफाई परवा, जेवणाच्या दिवशी, झाली. आज बेसिन पांढरं. मीच आधी जाऊन बघितलं. सूरज म्हणाली, बेसिनला काय नमस्कार करताय.

झुलाल आबा आले होते. मी पुढच्या रांगेतले कडक ब्रश उतरवून मऊ लावलेत, ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "काय शेठ, मोरनं पीस?" मी म्हटलं, आबा, चहा घ्या. चहा पिताना त्यांना सगळं सांगून टाकलं. माझेही दात त्यांनी त्या दिवशी बघितले होतेच, काय दिसलं होतं ते आज विचारलं. तेही सांगितलं त्यांनी, इथे लिहीत नाही. माझी सफाई पुढच्या आठवड्यात आहे.

२४ एप्रिल

दुसरी सफाई. डॉक्टरांनी तो दात चिमटीत धरून हलवून बघितला. मी खुर्चीच्या पायाशी उभा होतो. म्हणाल्या, धरतोय. साखरही ठीक निघाली. मी खाली उतरून पेढे आणले, मग लक्षात आलं की दाताच्या दवाखान्यात कोणी पेढे नेत नाही. डॉक्टरांनी एक घेतला आणि चूळ भरली.

हिनाचा फोन आला. सूरजने कॅमेरा तोंडासमोर धरला आणि पाऊण तास बोलली. मधूनमधून माझं नाव येत होतं.

२८ एप्रिल

भाषण. लिहिलेलं सगळं फाडलं. योगराजजींना काय सांगू, मौन नव्हतं म्हणून? संघाने तिच्या पायाला हात लावलेत. तिची शोभा होईल. सूरजला म्हटलं, मी बोलतच नाही, घसा बसलाय म्हणून सांगतो.

ती फुलके लाटत होती. म्हणाली, "आता तुम्ही मौन धरताय का? सांगा सगळं. त्या सभेत माझ्यासारख्या आणखी किती पदर लावून बसल्या असतील."

३० एप्रिल

पारणं झालं.

उसाच्या रसाचे चांदीचे छोटे कलश. श्रेयांस, चेलना, हिना, जावई, सगळ्यांनी तिला एकेक घोट पाजला. शेवटी मी. थोडा रस तिच्या साडीवर सांडला. ती हसली, सगळ्यांसमोर, दात दिसेपर्यंत.

माइक हातात आला. मी सांगितलं की आमच्या घरी मौन वगैरे काही नव्हतं. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि नवरा ते त्याग म्हणून डायरीत लिहीत होता. आधी कोणाला कळेना हसावं की नाही. योगराजजी खाली बघत होते. मग महासतीजी हसल्या आणि सभा हसली. मी पुढे सांगितलं, हिने खाखरा सोडला ते दुखत होतं म्हणून. पण दुखत असताना, तप फुकट गेलं असं वाटत असताना, तिने एकही उपवास सोडला नाही. फळ मिळणार नाही असं वाटूनही जी करत राहिली, तिला मी काय म्हणू, मला शब्द येत नाहीत. आणि खरंच आले नाहीत. माइक परत दिला.

खाली उतरलो तर बायकांच्या रांगेतून चार-पाच जणी सूरजभोवती जमल्या होत्या. आधीसारखं पायाला हात लावायला नाही. एकीने हळूच पदर बाजूला करून तोंड उघडून दाखवलं. सूरज तिला हाताने खूण करून दाखवत होती, ब्रश तिरका कसा धरायचा. मीही रस प्यायलो होतो, दात चिकट झाले होते, म्हणून मला मात्र तिने तिथूनच हाक मारून आधी चूळ भरायला पाठवलं.

२ मे

तारेचे ब्रश संपले. मोठं पार्सल मागवलंय.

आज सकाळी पेपर घेऊन बसलो होतो. सूरजची उठल्यापासून टकळी चालू होती, गच्चीवरचा टाकीचा नळ, चेलनाच्या माहेरचं लग्न, मला काल सूर्य मावळल्यावर ब्रश आठवला ते. मी मनात म्हटलं, मौन बरं होतं. मग ती मध्येच गप्प झाली. मी पेपर खाली केला. पुन्हा काही दुखतंय का म्हणून उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. खाखरा मोडल्याचा. मग चावल्याचा.

मी पेपर पुन्हा वर धरला, पण वाचलं काहीच नाही. ती दुसरा खाखरा घेईल का, त्याची वाट बघत बसलो. घेतला.